हिवाळेबाईंना काय द्यायचं

भांड्यांच्या दुकानदाराला शेजार कसा असावा, असं मला कोणी विचारलं तर मी सांगेन, वाटेल तो असावा, पण हिवाळेबाई नसाव्यात. आमचं दुकान पेठेच्या कोपऱ्यावर आणि बाईंची दोन खोल्यांची जागा दुकानामागच्या बोळात. बोळाला दुसरीकडून वाट नव्हती. त्यामुळे सकाळी शाळेला जाताना, दुपारी परत येताना, संध्याकाळी बोर्डिंगात जाताना आणि तिथून येताना बाई माझ्या पायरीवरून जायच्या. सरळ गेल्या असत्या तर माझी काहीच तक्रार नव्हती. त्या थांबायच्या.

उंच, हाडापेरानं दणकट बाई. अंगावर कायम निळ्या काठाची पांढरी सुती साडी आणि पायात पुरुषी कोल्हापुरी पायताण. त्या पायताणाची करकर बोळातून ऐकू आली की मी हातातलं भांडं घाईघाईनं गिऱ्हाइकाच्या पिशवीत घालायचो. मुलींच्या शाळेत त्या शिक्षिका होत्या आणि शाळेला लागून असलेल्या मुलींच्या बोर्डिंगचं सगळं काम बिनपगारी बघायच्या. खेड्यापाड्यांतल्या गरीब घरच्या मुली तिथं राहून शिकत. बाई धर्मानं ख्रिस्ती. लग्न केलेलं नव्हतं. एक भाऊ होता, तो नोकरीपायी लांब कुठंतरी स्थायिक झालेला. वर्गात त्या पुस्तकातलं बोलायच्या आणि वर्गाबाहेर आल्या की आमच्यासारखं. आवाज मात्र दोन्हीकडे एकच, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

आता धंद्याची गोष्ट सांगतो, म्हणजे माझा त्रास कळेल. नव्वदच्या दशकात माझी निम्म्याहून जास्त विक्री आहेराची होती. लग्न, बारसं, जावळ, वास्तुशांत, सगळ्याला भांडं. आणि आमच्याकडे आहेराचं भांडं देतात ते काही शिजवण्यासाठी देत नाहीत, नाव घालण्यासाठी देतात. थरथरत्या सुईचं एक यंत्र असतं, त्यानं स्टीलवर देणाऱ्याचं नाव कोरायचं. अमुक यांजकडून सप्रेम भेट. गिऱ्हाईक भांड्याकडे एकदा बघतं आणि नावाकडे चारदा. जाधवचा ध नीट आलाय का, काना पुसट झालाय का. लेमन सेट, फुलदाणी, गुलाबदाणी, असल्या वस्तूंवर माझं घर चालत होतं आणि त्या कोणी वापरतं की नाही, याची चौकशी मी कधी केली नव्हती. चौकशी बाई करायच्या.

एकदा जोतिबाच्या डोंगराकडचा एक गडी आला. बहिणीच्या घरची, म्हणजे मेहुण्याची वास्तुशांत होती. मी त्याला लेमन सेट दाखवला, ट्रे, जग आणि ग्लास, सगळं झगमगीत. त्याला पसंत पडला. नावाचा मजकूर सांगून झाला, मी यंत्राची वायर लावली आणि तेवढ्यात करकर ऐकू आली.

"काय घेतलासा पावणं?" बाईंनी पायरीवरूनच विचारलं.

"लेमन सेट."

"कुनाला?"

"मेव्हन्याला. घर बांधलंय त्यानं."

"लिंबू सरबत पितोय व्हय मेव्हना?"

गडी विचारात पडला. "न्हाय. च्याच पितोय."

"मग ह्ये वापरनार कोन?"

हा बाईंचा प्रश्न. पेठेत तो सगळ्यांना पाठ होता. शाळेतल्या मुली त्यांच्या माघारी त्यांची नक्कल करायच्या तेव्हा हाच प्रश्न विचारायच्या. गडी माझ्याकडे बघायला लागला. मी यंत्राकडे बघत होतो.

"घराचं समदं झालं का काय ऱ्हायलंय?" बाई सोडणार नव्हत्या.

"समदं झालं की. निस्तं मोरीला दार न्हाय. पोतं लावलंय."

"मग दार द्या की."

तो गडी उठला आणि खरोखर दार बघायला गेला. सुताराकडे. माझ्या दुकानात आलेलं, पसंती झालेलं, मजकूर सांगितलेलं गिऱ्हाईक. मी बाईंना म्हटलं, बाई, हे काही बरं नव्हे. बाई म्हणाल्या, "तुमचं नुस्कान झालं खरं. पन त्याची भन आता दार लावून आंगूळ करंल."  मी लेमन सेट कपाटात ठेवला.

घरी सांगितलं तर आमची अव्वा हसायला लागली. अव्वा म्हणजे माझी आई. आमचं मूळ गडहिंग्लजकडचं, घरात निम्मं कानडी, त्यामुळे आईला अव्वा. अव्वाचं आणि बाईंचं, तिच्या भाषेत टीचरचं, चांगलं होतं. एक मठाला जाणारी आणि एक चर्चला, पण दुपारी दोघी आमच्या मागच्या दारात तांदूळ निवडत बसायच्या. अव्वाला बाईंचं सगळं पटायचं, एक सोडून. दर नाताळाला अव्वा बाईंना इरकली साडी द्यायला जायची आणि बाई ती परत पाठवायच्या. वर ताटभर करंज्या द्यायच्या. अव्वा दर वर्षी रागवायची आणि दर वर्षी नवी साडी आणायची.

"तिला घ्यायलाच येत न्हाय बग," अव्वा म्हणायची. "समद्यास्नी शिकिवती, पन तिला ह्ये कुनी शिकिवलं न्हाय."

नाताळात बाईंच्या घरचा फराळ अख्ख्या बोळात आणि पेठेत जायचा. करंज्या, चकल्या, रव्याचे लाडू. आता आलेलं ताट रिकामं परत करायची आपल्याकडे रीत नाही. शिवाय विद्यार्थिनींच्या आया यायच्या, जुन्या मुली यायच्या, त्या काही ना काही आणून, बाई नको म्हणाल्या तरी ठेवून जायच्या. कपबशा, प्लॅस्टिकची फुलं, भिंतीवरची घड्याळं. बाईंच्या बाहेरच्या खोलीत एका वेळी इतकी घड्याळं झाली होती की आत गेलं की नुसती टिकटिक. त्यांतली दोन कधी एकमेकांशी जुळली नाहीत.

एका वर्षी नाताळाच्या आधी बाईंनी फर्मान काढलं. औंदा मला कुणी काहीही द्यायचं नाही. जे द्यायचं ते बोर्डिंगच्या पोरींना द्या. कारण होतं. बोर्डिंगात भात शिजवायला एवढं मोठं पातेलं नव्हतं की सगळ्यांचा एकदम होईल. तीन खेपांत शिजायचा. मोठ्या मुलींची शाळा लवकर, म्हणून त्या आधी बसायच्या आणि शेवटच्या पंगतीतल्या लहान मुली तोंडात घास घेऊनच प्रार्थनेला पळायच्या. कधी तर घासाविनाच. बाईंना हे फार लागलं होतं. "बारक्या पोरी भातासाठी रडत न्हाईत, पळत्यात," असं त्या एकदा म्हणाल्या होत्या. तेव्हा त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला नव्हता.

सरळ म्हणायचं की पातेलं पाहिजे. पण नाही. बाई दारोदार फिरल्या आणि सांगून आल्या, बोर्डिंगला भांडी द्या. कुठली, कशासाठी, काही नाही. पातेलंच का मागत नाही, असं मी म्हटलं तर म्हणाल्या, "पोरी जेवत्यात ह्ये दिसत न्हाय व्हय लोकास्नी? अक्कल हाय की." लोकांना अक्कल आहे असं त्या धरून चालायच्या. इतकी वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईनं असं का धरावं, हे मला कधी समजलं नाही.

लोकांनी माळे रिकामे केले. पेठेतल्या प्रत्येक घरातून जे कधीच कोणी वापरलं नव्हतं ते बोर्डिंगात जाऊन पडलं. लेमन सेट. झाकण हरवलेले डबे. गुलाबदाण्या. माशाच्या आकाराची ताटली. एकानं तर चांदीचा मुलामा उडालेली अत्तरदाणी दिली. बोर्डिंगच्या पडवीत हा ढीग लागला आणि देणारे सगळे खूश, कारण नाताळही झाला, धर्मही झाला आणि माळाही झाला. पातेलं एकानंही दिलं नाही.

मी व्यवहाराचं बोललो. म्हटलं, बाई, हे सगळं मोडीत घालू. मोड धरून पातेलं घ्या, कमी पडेल ते मी बघतो. यापेक्षा शहाणपणाचं कोणी काही बोललं असतं का? बाई माझ्याकडे असं बघायला लागल्या की जणू मी चोरी करायला सांगतोय.

"नावं हायत त्यांच्यावर. लोकांची नावं मोडीत घालनार तुमी?"

"मग काय करणार?"

"ज्याचं नाव, त्याला परत."

आणि इथं तो घोटाळा झाला. भांड्यावर नाव असतं ते मूळ देणाऱ्याचं. ज्यानं माळ्यावरून काढून बोर्डिंगात आणून टाकलं, त्याचं नव्हे. म्हणजे शिंद्यांनी पाटलांच्या मुलीच्या लग्नात जग दिला, शिंद्यांचं नाव घालून. पाटलांनी तो बोर्डिंगला दिला. बाईंनी तो वाचला आणि नेऊन शिंद्यांच्या हातात ठेवला. "तुमचं नाव हाय. घ्या." शिंद्यांना कळलं की आपला आहेर पाटलांनी कुठं टाकला. बाईंनी हे एका घरी केलं नाही. मोठ्या मुलींकडून पोती उचलून घेऊन त्या पेठभर हिंडल्या, पोतं उघडायच्या, हजेरी घेतल्यासारखं नाव वाचायच्या आणि भांडं ठेवून पुढं जायच्या. संध्याकाळपर्यंत पेठेत कोण कोणाशी बोलत नव्हतं. सख्ख्या जावांनी एकमेकींच्या फुलदाण्या दारात आणून आपटल्या.

आणि भांडायला सगळे कुठं आले? माझ्या दुकानात. "तुमी नाव घातलंसा म्हनून झालं ह्ये," असं मला लोक म्हणाले. पुढचे कित्येक दिवस गिऱ्हाईक नाव घालायला तयार होत नव्हतं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी बोळात जाऊन बाईंना स्पष्ट सांगितलं. म्हटलं, बाई, तुमच्या मागं-पुढं कोणी नाही. ही माणसं आहेत तीच तुमची. असं एकेक घर तोडत गेलात तर उद्या तुमच्या दारात कोणी यायचं नाही. बाई कंदिलाची काच पुसत होत्या. म्हणाल्या, "न्हाय आलं तर न्हाय. पोरींचा भात तर शिजूदे." मी परत आलो. अशा माणसाशी बोलण्यात अर्थ नसतो.

माझं खरं दुःख अजून पुढंच होतं. माझ्या मुलीची, सुजाताची, त्याच महिन्यात सुपारी फुटली होती. मुलगा गडहिंग्लजचा. त्याच्या मामाची तिथं गुळाची अडत, माणूस मानाचा भुकेला, आणि सोयरिकीत त्याचा शब्द शेवटचा. सुपारीला त्यानं आम्हाला भलंमोठं पानदान दिलं होतं. झाकणावर मोर आणि मोराच्या पोटावर त्याचं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. आमच्या घरात पान कोणी खात नाही. अव्वानं बाईंचं फर्मान ऐकलं, पानदान उचललं आणि पदराखाली झाकून बोर्डिंगला देऊन आली. मला सांगितलंसुद्धा नाही.

रविवारी सकाळी अव्वानं सहज म्हटल्यासारखं सांगितलं, "टीचर प्रार्थना झाल्याव गडहिंग्लजला गेली. मोराचं पानदान द्यायला. पत्ता मीच दिला."

मी तसाच उठलो. स्टँडवर पोचलो तर बाईंची एसटी गेलेली. पुढची मिळाली ती प्रत्येक फाट्याला थांबणारी, उसाच्या गाड्यांच्या मागून सरकणारी. वाटेत मी मनात बोलणी तयार करत होतो. चुकून गेलं म्हणू का, चोरीला गेलं होतं म्हणू का. डोळ्यांसमोर सुजाताचा चेहरा येत होता. तिला मुलगा मनापासून आवडला होता आणि इथं एका पानदानापायी सगळं मोडायची वेळ आली होती.

अडतीत गेलो तर मामा गादीवर, समोर मोर, आणि शेजारच्या खुर्चीवर हिवाळेबाई बशीतून चहा पीत बसलेल्या. मामानं मला बसासुद्धा म्हटलं नाही.

"पावणं," मामा म्हणाला, "आमी दिल्याली वस्तू फिरून आमच्या दारात आली. ह्येचा अर्थ आमी काय घ्यायचा?"

मी तोंड उघडायच्या आत बाई बोलल्या. "अर्थ काय न्हाय. ह्यांच्यात पान कोन खात न्हाय."

"मग तसं सांगायचं आमास्नी."

"तुमी इचारलासा?"

अडतीतला कानडी हिशेबनीस लिहायचा थांबला. मी डोळे मिटून घेतले. मामाला उभ्या आयुष्यात असं कोणी बोललं नसणार. त्यानं बाईंना पायताणापासून वरपर्यंत निरखलं.

"तुमी काय करतासा?"

"शाळेत शिकिवते."

"त्ये दिसतंयच." मग म्हणाला, "तुमच्या पोरींस्नी पानदान नगं. मग पायजे काय?"

"पातेलं. समद्या पोरींचा भात एका दमात शिजंल असलं."

पेठेतल्या एकाही घरात त्यांनी हे वाक्य उच्चारलं नव्हतं. ते उच्चारायला त्यांना विचारणारा कोणी लागला, हे मला तिथं बसून कळलं आणि माझा आणखीच संताप झाला.

"देतो," मामा म्हणाला. "पन नाव माझं घालायचं. काठावर. लांबनं वाचता आलं पायजे."

"नाव न्हाय घालायचं," बाई म्हणाल्या.

 एकीकडे मुलीचं लग्न, दुसरीकडे पोरींचा भात, आणि मधे ही बाई बसलेली. मी त्यांच्याकडे हात जोडून बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं मी त्यांना माघार घेताना बघितलं, आणि तीही त्यांनी आपल्या पद्धतीनं घेतली.

"बरं, घाला. पन बुडाला."

"बुडाला घातल्यावर वाचनार कोन?"

"घासनारी पोरगी. भात खानारी पोर काठ बगत न्हाय, भात बगती. पन पातेलं पालथं घालून घासनारी रोज सकाळी तुमचं नाव वाचंल. घासून घासून वाचंल."

मामानं यावर विचार केला. मान हलवली. पानदान उचलून मागच्या फळीवर ठेवलं आणि मला म्हणाला, "बसा की पावणं. हुबं का?"

परतीच्या एसटीत मी बाईंकडे पाठ करून बसलो. त्या खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. कागलच्या पुढं आल्यावर म्हणाल्या, "मानूस चांगला हाय. पोरगी ह्या घरात दिलीसा तर बरं हुईल." जणू सोयरीक त्यांनीच जमवली होती.

पातेलं माझ्याच दुकानातून गेलं. त्याच्या बुडाला मामाचं नाव मी स्वतः कोरलं. दुसऱ्या दिवसापासून बोर्डिंगात सगळ्या मुली एका पंगतीला बसल्या, आणि ते बघायला बाईंनी मला ओढून नेलं. बारक्या मुली निवांत जेवत होत्या. ताटातला भात बोटानं पसरून, त्यावर आमटी घेऊन, गप्पा मारत. मला ते आवडलं. पण बाईंसमोर मी तसं काही म्हटलं नाही, कारण मग त्या आणखी चढल्या असत्या.

सुजाताचं लग्न झालं. लग्नाला बाई आल्या, पहिल्या रांगेत बसल्या आणि स्टेजवर चढून नवरीच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला आहेर ठेवला. उघडला तर पायपुसणी. जाड काथ्याची. भांड्यांच्या व्यापाऱ्याच्या मुलीला भर मांडवात पायपुसणी. फोटोतसुद्धा आलीत ती. बाईंनी आधी तिला विचारलं होतं म्हणे, आणि तिनंच सांगितलं होतं की सासरचं अंगण मातीचं आहे. त्या दोघींनी ठरवलं, त्यात मी बोलणारा कोण.

त्यानंतर मात्र लोकांनी बाईंचं ऐकलं. माझ्या मते हेच वाईट झालं. दर नाताळाला बोर्डिंगात धान्य जाऊ लागलं, चादरी जाऊ लागल्या, विचारून-सवरून जाऊ लागल्या. आणि बाईंकडे काही न्यायचं नाही हे इतकं पक्कं झालं की फराळाची ताटं बिनदिक्कत रिकामी परत यायला लागली. आता यात एक गोम आहे, आणि ती दुकानदाराला कळते, शिक्षकाला कळत नाही. हातात काही असलं की माणूस घरात येतो. ते कुठं ठेवू विचारतो, कशाला आणलंस म्हणून दोन शब्द होतात, बसतो, चहा होतो. हात मोकळे असले की माणूस दारातूनच बोलतो. लोक बाईंच्या उंबऱ्यापाशी यायचे, "बाई, बोर्डिंगला देऊन आलो बरं का," म्हणायचे आणि जायचे. अव्वा होती तोवर ती तरी साडी घेऊन जायची आणि भांडण करायला का होईना, आत बसायची. अव्वा गेली. बाई निवृत्त झाल्या. गुडघे धरले तशी बोर्डिंगातली रोजची फेरी सुटली. पायताणाची करकर दिवसातून एकदा, मग आठवड्यातून एकदा. माझ्या दुकानातली गिऱ्हाइकं आता बिनघोर लेमन सेट घेत होती आणि मला त्यात काही मजा वाटत नव्हती.

मग एका डिसेंबरात बाई बोळात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. भाऊ येऊन ऑपरेशन करवून गेला. मी भेटायला गेलो ते साहजिकच मोकळ्या हातानं.

बायकांचा लांबलचक वॉर्ड. प्रत्येक कॉटजवळ लोखंडी कपाट, त्यावर मोसंबी, बिस्किटांचे पुडे, थर्मास, कोणाच्या घरून आलेला डबा. बाईंच्या कपाटावर पाण्याचा तांब्या आणि बायबल. एवढंच. बाई वाळल्या होत्या. मी स्टुलावर बसलो. त्यांनी आधी माझ्या एका हाताकडे बघितलं, मग दुसऱ्या.

"काय आनला न्हाईसा?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय आणायचं होतं?"

"भेटाय येतोय मानूस. काय तर आनतोय."

रागानं माझा आवाज इतका चढला की शेजारच्या कॉटवरची बाई वळून बघायला लागली. म्हटलं, बाई, उभी हयात तुम्ही पेठेला शिकवलंत की मला काही आणायचं नाही. माझी आई मरेपर्यंत तुमच्या दारातून साड्या परत आणत होती. आणि आता विचारता काय आणलं?

बाई छताकडे बघत होत्या. "समदी येऊन जात्यात," म्हणाल्या. "म्हनत्यात, बाई, तुमच्या नावानं बोर्डिंगला दिलं. चांगलं हाय. मीच सांगितलंय." मग मान वळवून, "त्या कपाटाकडं बगून नर्स म्हनली, आजी, तुमचं कोन न्हाय व्हय?"

मी स्टूल कॉटजवळ ओढलं.  मग विचारलं, "बरं, सांगा. काय आणू?"

"त्ये मला काय ठावं? आनायचं तुमी."

"विचारून आणायचं असतं, असं तुम्हीच तर शिकवलंत."

"इचारून आनल्यालं नगं."

असं हे माणूस. मी तरातरा खाली आलो. दवाखान्याच्या फाटकाबाहेर सगळी दुकानं होती आणि मी तिथं खुळ्यासारखा उभा. जन्मभर मी लोकांना भेटवस्तू विकल्या. मेहुण्याला काय, जावेला काय, साहेबाच्या पोराला काय, चटकन सांगायचो. आणि या बाईला काय आवडतं ते मला माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं, तिनं ते कधी कोणाला कळूच दिलं नव्हतं. मोसंबी घेतली तर ती वॉर्डात वाटणार. शाल घेतली तर शेजारणीला देणार. जे जे उपयोगाचं ते ते दुसऱ्याच्या उपयोगाला जाणार. फाटकाशी एक म्हातारा बांबूच्या काठीला कागदाची भिरभिरी टोचून विकत होता. मी त्यातलं एक लाल-पिवळं घेतलं. सत्तरीला आलेल्या बाईला भिरभिरं. जिने चढताना माझी मलाच लाज वाटत होती, आणि लोक बघत होते.

बाईंनी ते हातात घेतलं. उलटसुलट करून बघितलं. मी वाट बघत होतो, आता तो प्रश्न येणार. आला नाही. त्यांनी हात लांब करून ते खिडकीच्या गजांपाशी धरलं. वारा बेताचाच होता. भिरभिरं अडखळलं, मग फिरायला लागलं. बाई फिरणाऱ्या कागदाकडे बघत राहिल्या आणि मी तांब्यातलं पाणी बदलून आणलं.

शेजारच्या कॉटवरच्या बाईची नात तिथं खेळत होती. ती येऊन कॉटला चिकटून उभी राहिली आणि भिरभिऱ्याकडे टक लावून बघायला लागली. बाईंनी ते तिच्या हातात दिलं. मी मनात म्हटलं, झालं, गेलं. पोरीनं ते घेऊन वॉर्डातून एक चक्कर मारली, दुसरी मारली. ती तिसऱ्या चकरेला निघाली तेव्हा बाईंनी हात पुढं केला.

"बगून झालं न्हवं? दे आता."

पोरीचा चेहरा पडला. मी मधे पडलो. म्हटलं, "राहू दे की बाई तिच्याकडे. मी तुम्हाला दुसरं आणतो."

"दुसरं तिला आना," बाई म्हणाल्या आणि त्यांनी भिरभिरं पोरीच्या हातातून काढून घेतलं. "ह्ये मला आल्यालं हाय."

मी पुन्हा खाली गेलो आणि त्या पोरीसाठी एक निळं घेऊन आलो.